कामाची हमी संपते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नियोजित अर्थव्यवस्था सोडून बाजाराकडे वळलेल्या देशांवर गेल्या अंकात लेख होता. त्यात किमती, खासगीकरण आणि बँका यांवर बरंच होतं. कामगारांवर जेमतेम दोन परिच्छेद. पत्रं आली ती नेमकी त्या दोन परिच्छेदांवर. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

समाजवादी देशांत बेकारी शून्य होती म्हणतात. मग बाजार येताच लाखो लोक बेकार कसे झाले? आधीचा आकडा खोटा होता का?

आकडा खोटा नव्हता, पण तो मोजत होता ते वेगळंच. सोव्हिएत संघाने १९३० साली बेकारी संपल्याचं जाहीर केलं आणि बेकारी भत्ता बंद केला. पुढे काम न करणं हाच गुन्हा ठरला. कवी जोसेफ ब्रॉडस्कीला १९६४ मध्ये 'परजीवी' म्हणून शिक्षा झाली, ती याच कायद्याखाली. भत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून आकडा नाही.

दुसरी बाजू कारखान्याच्या आतली. व्यवस्थापकाला नफ्याची फिकीर नव्हती, तोटा सरकार भरून देई. फिकीर होती ती वरून आलेलं उद्दिष्ट गाठण्याची. कच्चा माल महिनाअखेरीस यायचा आणि मग रात्रंदिवस काम चालायचं. त्या धावपळीसाठी जादा माणसं हाताशी लागत. शरद ऋतूत बटाटे काढायला शेतावर माणसं पाठवायचा हुकूम येई, त्यासाठीही लागत. पगारासाठी मिळणारी रक्कम हजेरीपटावरच्या संख्येशी बांधलेली, त्यामुळे माणूस कमी करण्यात व्यवस्थापकाचं नुकसानच. बेकारी होती, पण फाटकाच्या आत होती.

शिवाय तोच कारखाना घर देई, पाळणाघर चालवी, दवाखाना चालवी, सुट्टीला विश्रामगृहात पाठवी. नोकरी गेली की हे सगळं धोक्यात. म्हणून कामगार सुधारणा म्हणजे नुसती कपात नव्हे. कारखान्याच्या पोटातली ही बाकीची खाती आता कोण सांभाळणार, हेही आधी ठरवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते ठरवायचंच राहून गेलं.

सुधारणांचा क्रम काय असावा? आधी भत्ता की आधी कपात?

आधी भत्ता, आणि तोही लिखित कायद्याने. इथे पोलंडचं उदाहरण घ्यावं, कारण तारखा अगदी जवळजवळ आहेत. १ जानेवारी १९९० रोजी बहुतेक किमती मोकळ्या झाल्या, म्हणजे त्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. त्याच्या तीन-चार दिवस आधी दोन कायदे मंजूर झाले होते. २८ डिसेंबर १९८९ चा कायदा सामूहिक कपातीचा, २९ डिसेंबरचा रोजगार आणि बेकारीचा.

कपातीच्या कायद्यातला हिशेब साधा होता. हजारापर्यंत कामगार असलेल्या ठिकाणी तीन महिन्यांत १० टक्के लोक काढले, किंवा त्याहून मोठ्या ठिकाणी १०० लोक काढले, की ती सामूहिक कपात. मग कामगार संघटनेला ४५ दिवस आधी कळवायचं. भरपाई सेवेप्रमाणे : १० वर्षांपेक्षा कमी असेल तर एका महिन्याचा पगार, १० ते २० वर्षांना दोन महिन्यांचा, त्यापुढे तीन महिन्यांचा. आकडे मोठे नाहीत, पण कोणालाही तोंडी करता येतील असे आहेत. कारखान्याच्या हिशेबनिसाला आणि काढलेल्या माणसाला एकच उत्तर येतं, त्यामुळे निदान रकमेवरून भांडण होत नाही.

चूक झाली ती दुसऱ्या कायद्यात. भत्ता सुरुवातीला इतका सैल होता की आधी कधीच नोकरी न केलेल्यालाही तो मिळे. रोजगार कार्यालयांना तोवर रिकाम्या जागांसाठी माणसं शोधायची सवय. १९९० च्या अखेरीस त्यांच्या दारात ११ लाखांवर लोक नाव नोंदवून होते. नियम घट्ट करत करत १९९२ मध्ये सरसकट रक्कम ठरली, सरासरी वेतनाच्या ३६ टक्के, आणि बहुतेकांना १२ महिन्यांची मुदत. (तेव्हाचे कामगारमंत्री यात्सेक कुरोन्य यांच्यावरून लोकांनी भत्त्याचं नावच 'कुरोन्युव्का' पाडलं होतं. मंत्र्याच्या नावाने भत्ता ओळखला जावा, यात कौतुक किती आणि टोमणा किती हे ज्याने त्याने ठरवावं.)

उदार सुरुवात आणि मग काटछाट, हे राजकीयदृष्ट्या महाग पडतं. हातातलं काढून घेतल्यासारखं होतं. तरी किमती मोकळ्या करून भत्त्याचा कायदा मागाहून आणणं त्याहून वाईट, हे आमचं मत.

पोलंडमध्ये १९९३ च्या अखेरीस बेकारी १६ टक्क्यांवर आणि त्याच काळात झेक प्रजासत्ताकात तीन-चार टक्के. झेक लोकांनी कारखाने बंदच केले नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला. 'बेकारी जास्त म्हणजे कपात जास्त' असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो.

बेकारी ही टाकीतल्या पाण्यासारखी आहे. पातळी ठरते दोन नळांवर : आत येणारं पाणी आणि बाहेर जाणारं. समजा काम करणारे आणि शोधणारे मिळून १,००,००० लोक आहेत. कामावर असलेल्यांपैकी दर महिन्याला अर्धा टक्का लोक काम गमावतात. बेकारांपैकी दर महिन्याला २० टक्के लोकांना काम मिळतं. पातळी कुठे स्थिरावेल? सूत्र सोपं आहे : आत येण्याचा दर भागिले दोन्ही दरांची बेरीज. ०.५ भागिले २०.५, म्हणजे सुमारे २.४ टक्के. २,४३९ लोक बेकार, आणि प्रत्येकाची सरासरी वाट पाहण्याची मुदत पाच महिने.

आता आत येणारा नळ तसाच ठेवा, एकही जादा माणूस काढू नका. फक्त काम मिळण्याचा दर ५ टक्क्यांवर आणा. बेकारी ९.१ टक्के होते, वाट पाहणं २० महिने. तो दर २.५ टक्क्यांवर गेला की बेकारी १६.७ टक्के आणि वाट पाहणं ४० महिने. कपात पहिल्या उदाहरणाइतकीच, बेकारी सातपट.

पोलंडमध्ये साधारण हेच झालं. पहिल्या वर्षात फार मोठ्या संख्येने लोकांना हाकललं गेलं असं नाही. कारखान्यांनी आधी भरती थांबवली, निवृत्तांच्या जागा भरल्या नाहीत. आतल्यांना फारसा धक्का लागला नाही. दार बंद झालं ते बाहेरच्यांसाठी, म्हणजे शाळा-कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी आणि बाळंतपणानंतर परत येणाऱ्या बायकांसाठी. नवी खासगी दुकानं माणसं घेत होती, पण बरेचदा थेट दुसऱ्या नोकरीतून. बेकारांच्या रांगेतून नव्हे. रांग साचत गेली.

झेक बाजूला बाहेरचा नळ मोकळा होता. प्राग आणि जर्मन सीमेलगत सेवाक्षेत्र भराभर वाढलं, भत्त्याची मुदत १९९२ च्या सुरुवातीला १२ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आणली गेली, आणि नव्या जागांना अनुदान देण्यावर तिथल्या रोजगार कार्यालयांनी सुरुवातीपासून भर दिला. अर्थात तुमच्या शंकेतही तथ्य आहे. झेक बँकांनी कमकुवत कंपन्यांना कर्ज देत ठेवलं, मोठी छाटणी पुढे ढकलली गेली, आणि १९९७ नंतर तिथेही बेकारी चढली. म्हणून तीन टक्क्यांचं सगळं श्रेय धोरणाला देऊ नये.

धोरण ठरवणाऱ्याने रोज बघायचा आकडा कोणता, असं कोणी विचारलं तर आम्ही बेकारीचा दर सांगणार नाही. गेल्या महिन्यात नोंदलेल्यांपैकी किती जण या महिन्यात कामाला लागले, हा आकडा बघावा.

रशियात उत्पादन निम्म्यावर येऊ लागलं, तरी बेकारी त्या मानाने कमी. कसं काय?

पगार बुडवून. यापेक्षा सभ्य शब्द नाही.

१९९० ते १९९८ या काळात रशियाचं राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी आटलं. रोजगार त्याच्या निम्म्यानेही घटला नाही. कारखान्याला कायद्याने काढायचं झालं तर दोन महिन्यांची नोटीस, वर भरपाई. ही भरपाई रोख द्यावी लागते आणि रोखीचीच टंचाई. त्यापेक्षा सक्तीची बिनपगारी रजा द्यावी, पगार थकवावा, माणूस कंटाळून 'स्वेच्छेने' राजीनामा देईल. स्वेच्छेने गेला की भरपाईचा प्रश्न मिटला. आकडेवारीत हे लोक नोकरी सोडणारे म्हणून दिसतात, काढलेले म्हणून नाही.

मग माणूस महिनोन्महिने पगाराविना थांबे कशासाठी? घर कारखान्याचं, पाळणाघर कारखान्याचं. नोकरीची सगळी नोंद असलेलं कामगार-पुस्तक मालकाच्या तिजोरीत, आणि निवृत्तिवेतनासाठी तीच नोंद हवी. थकलेला पगार हा जणू मालकाकडे अडकलेला ठेवा. सोडून गेलं तर तो मिळण्याची आशा आणखी कमी. काही ठिकाणी पगार म्हणून कारखान्याचाच माल हातात ठेवत, तो रस्त्याकडेला विकून पोट भरायचं. १९९८ च्या उन्हाळ्यात खाणकामगार मॉस्कोत सरकारी मुख्यालयासमोरच्या पुलावर बसून डोक्यावरची शिरस्त्राणं जमिनीवर आपटत होते, ते या थकबाकीसाठी.

बेकार म्हणून नोंदवावं तर भत्ता कागदावर चांगला होता : आधीच्या पगाराच्या ७५ टक्के तीन महिने, मग ६० टक्के चार महिने, मग ४५ टक्के. पण आधीचा पगार म्हणजे महागाईपूर्वीच्या रुबलमधला. १९९२ या एका वर्षात किमती पंचवीसपटीहून वाढल्या. अशा वेळी ७५ टक्के कशाचे, हाच खरा प्रश्न. महागाई तीन आकडी असताना टक्केवारीचा भत्ता निरर्थक ठरतो. किमान खर्चाशी बांधलेली आणि ठरावीक काळाने वाढणारी सरसकट रक्कमच टिकते. नोंदणीत अर्थ न उरल्याने १९९० च्या दशकाच्या मध्यावर नोंदलेली बेकारी तीन-साडेतीन टक्के, तर घरोघरच्या पाहणीतली दहाच्या आसपास. दोन देशांची तुलना करताना कोणता आकडा हातात आहे, हे आधी पाहा.

पोलंडच्या 'पोपिव्हेक' कराचा उल्लेख लेखात होता. तो नेमका काय?

पगारवाढीवरचा दंड. किमती जेवढ्या वाढतील त्याच्या ठरावीक हिश्शाइतकीच पगारवाढ चालेल; जानेवारी १९९० साठी तो हिस्सा ०.३ होता. म्हणजे किमती १० टक्के वाढल्या तर पगार ३ टक्के. त्यापुढे दिलेल्या रकमेवर २०० ते ५०० टक्के कर. सरकारी कारखान्याला मालक नसतो, कामगार परिषद आणि व्यवस्थापक मिळून सगळी कमाई पगारात वाटून टाकतील, ही भीती त्यामागे होती आणि ती वाजवी होती.

खोच अशी की मर्यादा कशावर लावता यावर परिणाम उलटतो. एकूण पगारखर्चावर लावली तर माणसं कमी करून उरलेल्यांना जास्त देता येतं. सरासरी पगारावर लावली तर कमी पगाराची माणसं पटावर ठेवण्यात फायदा, कारण त्यांच्यामुळे सरासरी खाली राहते आणि वरच्यांना वाढ देता येते. रशियातला तसाच कर सरासरीवर होता. सफाई कामगार आणि कारकून तिथे हजेरीपटावर टिकले, त्यात या कराचाही हात होता. १९९६ च्या सुरुवातीला तो रद्द झाला.

पूर्व जर्मनीकडे तर पश्चिमेचा सगळा पैसा होता. तिथे सर्वांत जास्त नोकऱ्या का गेल्या?

पैसा होता म्हणूनच पगाराचा भाव चुकला. १ जुलै १९९० रोजी दोन्ही जर्मनींचं चलन एक झालं आणि पगार एकास एक दराने पश्चिमी मार्कांत बदलले. उत्पादकता पश्चिमेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. पूर्वेकडची जुनी गिऱ्हाइकं मार्कांत पैसे मोजू शकत नव्हती. त्यात वेतनकरार करायला बसले ते बहुतांशी पश्चिमेचे मालक आणि पश्चिमेच्या संघटना. स्वस्त पूर्वेशी स्पर्धा दोघांनाही नकोच होती. मार्च १९९१ मध्ये धातू उद्योगाने १९९४ पर्यंत पश्चिमेइतके पगार करायचं ठरवलं. मालकांनी १९९३ मध्ये माघार घेतली, संप झाला, मुदत पुढे गेली. तोवर कारखानेच उरले नव्हते.

१९९१ च्या वसंतात सुमारे २० लाख लोक 'अल्पकाळ कामा'वर होते. म्हणजे नोकरी कागदावर, तास कमी, पगाराचा मोठा भाग सरकारी. पुष्कळांचे तास शून्य. ही युक्ती मंदी तात्पुरती असेल तिथे चांगली. परत न येणाऱ्या नोकरीसाठी वापरली की नुसता उशीर होतो.

चीनने 'लोखंडी भांडं' न फोडता सुधारणा केल्या असं वाचलं. खरं आहे का?

फोडलं, पण हळू आणि दोन टप्प्यांत. 'लोखंडी भाताचं वाडगं' म्हणजे कधी न जाणारी नोकरी. आई-बाप निवृत्त झाले की त्यांच्या जागी मुलाला घेत. ऑक्टोबर १९८६ पासून नव्या भरतीला मुदतीचा करार; जुने कामगार जसेच्या तसे. नव्यांना नवा नियम, जुन्यांना जुना. यात हुशारी आहे, कारण विरोध करायला कोणाचंच हातचं गेलेलं नसतं. तोटा असा की एकाच यंत्रावर दोन कायद्यांची माणसं उभी राहतात, आणि जुन्यांचं ओझं पुढच्या काळाच्या गळ्यात.

ते ओझं १९९७-९८ नंतर उतरवलं गेलं. मोठ्या प्रमाणावर कामगार 'श्याकांग' झाले, शब्दशः 'जागेवरून उतरलेले'. काम नाही, पण नातं तुटलेलं नाही. कारखान्याच्या पुनर्रोजगार केंद्रात जास्तीत जास्त तीन वर्षं नाव. तिथून निर्वाहरक्कम, निवृत्ती आणि आरोग्याचे हप्ते. पैसा तीन वाट्यांत : सरकार एक, कारखाना एक, सामाजिक निधी एक. कागदावर सुंदर. पण ज्या कारखान्याला माणसं काढावी लागतात त्याच्याकडे आपला तिसरा वाटा येणार कुठून? ईशान्येच्या जुन्या औद्योगिक पट्ट्यात नेमकं तिथेच अडलं. दुसरीकडे, नाव केंद्रात आणि माणूस रस्त्यावर ठेला लावून, असंही सर्रास चाले.

१९९९ च्या नियमांनी बेकारी विमा पक्का केला : मालकाकडून पगारखर्चाच्या २ टक्के, कामगाराकडून १ टक्का. हप्ते १ ते ५ वर्षं भरले असतील तर १२ महिन्यांपर्यंत भत्ता, ५ ते १० वर्षांना १८, त्यापुढे २४. केंद्रं हळूहळू मिटवून लोकांना या विम्याकडे वळवलं.

तिसरा रस्ता एकरकमी पैसे घेऊन नातं तोडण्याचा. याबद्दल एका वाचकाने वेगळं विचारलं आहे : 'रक्कम चांगली असेल तर घेण्यात वाईट काय?' वाईट काही नाही, हिशेब पुरा केला तर. डाचिंग तेलक्षेत्रात पैसे घेऊन बाहेर पडलेले हजारो कामगार मार्च २००२ मध्ये रस्त्यावर आले. निवृत्तिवेतनाच्या हप्त्यातला मालकाचा वाटाही आता त्यांनाच भरायचा होता, आणि थंडीतल्या घर तापवण्याच्या खर्चाची मदत बंद झाली होती. म्हणून रक्कम मोजताना 'सेवेच्या दर वर्षाला इतके' एवढंच बघू नये. निवृत्तीला किती वर्षं उरली, त्या प्रत्येक वर्षाचा दोन्ही बाजूंचा हप्ता किती, तो दरवर्षी वाढतो का, आरोग्याचं संरक्षण कुठवर, हे वजा करावं. पंचेचाळिशीच्या माणसाला पंधरा वर्षांचे हप्ते भरायचे असतील तर मोठी वाटलेली रक्कम झपाट्याने आटते.

प्रशिक्षण आणि बेकारांसाठी सरकारने काढलेली कामं यांचा उपयोग होतो का?

प्रशिक्षणाचा थोडा, तेही आधी मालक ठरलेला असेल तर. सरकारी कामांचा फारसा नाही. पोलंडमध्ये सहा महिने अनुदानित कामावर काढले की भत्त्याचा हक्क पुन्हा सुरू होई. मग भत्ता, काम, परत भत्ता असं चक्र. काही गावांत ते पाळीपाळीने वाटलंही जात असणार, असा आमचा तर्क आहे. हक्क ताजा करण्याचं कलम काढलं की निम्मा दोष जातो.

लोकांनी काम असलेल्या शहरात का जाऊ नये?

कारण घर. पोलंडच्या सरकारी शेतांचं उदाहरण बोलकं आहे. ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने ती मोडीत निघाली. मजूर राहत ते शेताच्याच चाळवजा इमारतींत, माळरानावर. घरं त्यांना स्वस्तात दिली गेली, उदारपणे. परिणाम : जिथे काम नाही तिथे माणूस घरमालक झाला, आणि ते घर विकून शहरात एक खोलीही येत नव्हती. कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या वाउबझिख शहरात १९९० च्या दशकात खाणी बंद झाल्यावर लोकांनी गाव सोडण्याऐवजी स्वतःच खड्डे खणून चोरून कोळसा काढला. त्या खड्ड्यांना 'गरिबांच्या खाणी' असं नावच पडलं.

स्थलांतरासाठी मदत द्यायची तर सरकारं बहुधा प्रवासखर्च देतात. तो सर्वांत छोटा खर्च. अडतं ते खोलीच्या अनामतीवर आणि पहिला पगार हातात येईपर्यंतच्या भाड्यावर. मदत तिथे लावली आणि गावाकडचा भत्ता ते दोन-तीन महिने थांबवला नाही, तर माणूस जाऊन बघतो तरी.